मैदानाच्या कडेला नाव लावणाऱ्या साहेबांस

साहेब,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. माझा नमस्कार गोव्याचे कर्करोगतज्ज्ञ शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांना. तुम्हाला फक्त पत्र.

पत्रास कारण की, कायद्याने तुम्हाला क्रिकेटच्या मैदानाबाहेर काढलं त्याला वीस वर्षं उलटून गेली आणि तुम्ही पुन्हा सीमारेषेवर येऊन बसला आहात. तेव्हा सिगरेटच्या पाकिटावरचं नाव घेऊन यायचात, आता वेलचीच्या आणि पानमसाल्याच्या पुडीवरचं नाव घेऊन येता. मधल्या काळात आमची मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली. या नव्या मुलांना तुमची जुनी ओळख नाही. ती करून द्यावी, आणि तुम्ही आत मानाच्या खुर्चीत बसलेले असताना दाराबाहेर एकटी उभी राहिलेली जी माणसं होती, त्यांचीही करून द्यावी, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितो आहे.

तुमचं नाव लिहिलेलं नाही, कारण हा अपराध एका माणसाचा नाही. मेलबर्नला तुमच्या खुर्चीत एक जण होता, न्यू जर्सीत दुसरा, आपल्याकडे तिसरा. कंपन्या वेगळ्या, पाकिटं वेगळी. काम मात्र सगळीकडे एकच: माणसाला धाप लावणाऱ्या मालाचं नाव, कधी धाप न लागणाऱ्या माणसांच्या अंगावर लिहायचं.

हे काम तुम्ही सुरू केलंत ते अडचणीत सापडल्यावर. ब्रिटनने १९६५ साली टीव्हीवरच्या सिगरेटच्या जाहिराती बंद केल्या. अमेरिकेने १९७१ साली केल्या, ऑस्ट्रेलियाने १९७६ साली. आपल्या दूरदर्शनच्या जाहिरात-संहितेतही तंबाखूला जागा नव्हती. एकेक दार लागत गेलं तसा तुम्ही खेळ धरलात. जाहिरात अर्ध्या मिनिटात संपते, ती लागली की माणूस पाणी प्यायला उठतो. सामना दिवसभर चालतो आणि कोणी उठत नाही. स्पर्धेलाच तुमचं नाव दिलं की समालोचकाला ते घ्यावंच लागतं, वर्तमानपत्राला छापावंच लागतं, करंडक उंचावणाऱ्या कप्तानाला ते डोक्यावर धरावंच लागतं. बंदी जाहिरातीला होती, करंडकाला नव्हती. तुम्ही हुशार आहात याबद्दल मला कधीच शंका नव्हती. ती हुशारी कोणाच्या जिवावर चालली, एवढाच माझा प्रश्न आहे.

१० मार्च १९८५ आठवा. मेलबर्नच्या मैदानावर भारताने पाकिस्तानला ८ गडी राखून हरवलं, रवी शास्त्रीला ऑडी मिळाली, सगळा संघ त्या गाडीवर चढला आणि गाडी मैदानभर फिरली. आमच्या पिढीच्या आयुष्यातल्या मोजक्या सुंदर दिवसांपैकी तो एक. त्या स्पर्धेचं नाव होतं बेन्सन अँड हेजेस वर्ल्ड चॅम्पियनशिप. आम्हा पोरांना वाटायचं बेन्सन आणि हेजेस हे दोन जुने क्रिकेटपटू असतील. मग १२ दिवसांनी शारजात भारत १२५ धावांत गारद झाला आणि तरीही पाकिस्तानला ८७ धावांत गुंडाळून जिंकला. त्या स्पर्धेचं नाव रॉथमन्स. महिनाभरात दोन विजय, दोन सिगरेटी. घराघरात एकही जाहिरात न दाखवता तुम्ही आमच्या घरात शिरलात, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

त्याच ऑस्ट्रेलियात काही माणसं मात्र टाळ्या वाजवत नव्हती. १९७९ पासून सिडनीत रंगाचे फवारे घेऊन रात्री बाहेर पडणारा एक गट होता, बुगा-अप नावाचा. सिगरेटच्या मोठाल्या फलकांवरची अक्षरं ते अशी बदलायचे की जाहिरातच कंपनीविरुद्ध बोलू लागायची. त्यांच्यात डॉक्टर होते. डॉ. आर्थर चेस्टरफिल्ड-इव्हान्स हे शल्यविशारद त्यांतले एक. ते पुढे न्यू साउथ वेल्सच्या विधान परिषदेत निवडून गेले. हातात स्काल्पेल धरणारा माणूस रात्री रंगाचा डबा घेऊन रस्त्यावर उतरतो, तेव्हा त्याने दिवसा शस्त्रक्रियेच्या टेबलावर काय पाहिलं असेल, याचा विचार तुमच्या कार्यालयात कोणी केला का? केला नसणार. तुमच्या लेखी तो मालमत्तेची नासधूस करणारा माणूस होता.

दुसरा एकटा माणूस अमेरिकेतला. डॉ. अॅलन ब्लम, फॅमिली डॉक्टर. १९७७ साली त्यांनी डॉक्टरांची एक चळवळ उभी केली. महिला टेनिसच्या दौऱ्याला १९७० पासून एका सिगरेटचं नाव होतं, म्हणून त्या नावाची थट्टा करत त्यांनी 'एम्फिसीमा स्लिम्स' नावाची टेनिस स्पर्धा भरवली. एम्फिसीमा म्हणजे फुफ्फुसांतले वायुकोश झिजून श्वास कोंडणारा रोग. पण मला त्यांचं खरं मोठं काम वाटतं ते मोजणीचं. जुलै १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या मेडोलँड्सला मार्लबोरो ग्रां प्री नावाची मोटार शर्यत झाली. टीव्हीवर ९४ मिनिटं दाखवली. ब्लम यांनी ते चित्रीकरण लावून सिगरेटचं नाव पडद्यावर किती वेळा दिसतं ते मोजलं. ५,९३३ वेळा. ९४ पैकी ४६ मिनिटं ते नाव कुठे ना कुठे दिसत होतं: गाडीवर, कठड्यावर, चालकाच्या पोशाखावर. अमेरिकेत टीव्हीवरच्या सिगरेटच्या जाहिरातीला बंदी येऊन तेव्हा १८ वर्षं झाली होती. हा हिशेब १९९१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. मोजणीचं काम तुम्हीही करता, साहेब. किती रुपयांत किती डोळे मिळाले, हे तुमच्या खात्यात रोज लिहिलं जातं. त्यामुळे ५,९३३ या आकड्याचा अर्थ तुम्हाला आमच्यापेक्षा आधी कळला होता.

आता आपल्याकडचं. १९७७-७८ पासून देशांतर्गत एकदिवसीय क्रिकेटमध्ये विल्स या सिगरेटच्या नावाची विल्स ट्रॉफी होती. पुढे भारतीय संघाच्या छातीवर विल्स आलं. १९८३चा विश्वचषक एका विमा कंपनीच्या नावाचा होता, १९८७चा रिलायन्सच्या. १९९६ साली तो पुन्हा आपल्या उपखंडात आला आणि त्याचं नाव झालं विल्स वर्ल्ड कप. इथे मला एक साधी गोष्ट तुमच्या तोंडावर ठेवायची आहे. १९७५ च्या कायद्याने सिगरेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा छापणं सक्तीचं होतं. पाकिटावर नाव होतं, खाली बारीक अक्षरांत का होईना इशारा होता. शर्टावर तेच नाव होतं आणि इशारा नव्हता. पाकीट विकत घेणाऱ्या प्रौढाला सरकारने सावध केलं. शर्टाकडे डोळे लावून बसलेल्या दहा वर्षांच्या पोराला कोणी केलं नाही. ही फट तुम्ही शोधलीत, तिच्यात वर्षानुवर्षं राहिलात, आणि तिला खेळाची सेवा म्हणालात.

डॉ. शरद वैद्य यांनी नेमकं त्या पोराला विचारलं. गोव्यात कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करताना त्यांना दिसत होतं की रोगी टेबलावर येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो, सुरुवात शाळेच्या वयात झालेली असते. त्यांनी तंबाखू निर्मूलनासाठी 'नोट' ही राष्ट्रीय संघटना काढली. १९९५ मध्ये विल्सच्या प्रायोजकत्वाखाली भारत-न्यूझीलंड मालिका झाली, त्यानंतर ते आणि त्यांचे सहकारी गोव्याच्या शाळांमध्ये प्रश्नावली घेऊन गेले. त्यांच्याबरोबर त्यांचे चिरंजीव डॉ. जयंत वैद्यही होते. ऑगस्ट १९९६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने तो अभ्यास छापला. निष्कर्ष असा की तंबाखू कंपन्यांनी क्रिकेट प्रायोजित केलं की मुलांच्या मनात सिगरेट आणि खेळ यांची खोटी जोडी जमते, आणि मुलं तंबाखू चाखून बघण्याची शक्यता वाढते. सिगरेट ओढली की खेळ सुधारतो असं शाळकरी मुलांना वाटू लागलं होतं. त्या मुलांना हे कोणी वर्गात शिकवलं नव्हतं. त्यांनी फक्त सामना पाहिला होता.

तुमचा जुना युक्तिवाद मला पाठ आहे. आम्ही कोणाला नव्याने ओढायला लावत नाही, जो ओढतोच आहे त्याने आमचं पाकीट घ्यावं एवढंच आमचं म्हणणं. गोव्याच्या वर्गांतल्या त्या उत्तरपत्रिकांनी हा युक्तिवाद संपवला. पण डॉ. वैद्यांचं तेव्हा किती जणांनी ऐकलं? विश्वचषकाचं वर्ष होतं. देशभर दिवे, रोषणाई, सट्टा, पूजा. त्या गदारोळात एक डॉक्टर म्हणतो की थांबा, हे मुलांसाठी वाईट आहे, तेव्हा लोकांना तो रंगाचा बेरंग करणारा वाटतो. लग्नाच्या पंगतीत उठून कोणी जेवणात विष आहे म्हणावं, आणि वाढप्याने आधी त्यालाच बाहेर काढावं, तशी त्याची गत होते. तरी ते थांबले नाहीत. गोव्याने १९९७ मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपान आणि थुंकणं यांविरुद्ध कायदा केला, त्यामागे त्यांचा मोठा वाटा होता. देशाला तसा कायदा करायला २००३ उजाडलं. डॉ. वैद्य आता आपल्यात नाहीत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण देशात २८.६ टक्के निघालं, महाराष्ट्रात २६.६ आणि गोव्यात ९.७. सगळ्या राज्यांत सर्वांत कमी गोव्यात. याचं सगळं श्रेय एका माणसाला देता येत नाही, पण त्या राज्यात हा विषय धसास लावणारा एक माणूस होता, आणि तो तुमच्या विरुद्ध उभा होता.

त्याच १९९६ च्या विश्वचषकात आणखी एक जण एकटा पडला होता. २७ फेब्रुवारी, वानखेडे, तिथला पहिला दिवस-रात्र सामना, समोर ऑस्ट्रेलिया. ७ धावांत २ गडी गेलेले. सचिन तेंडुलकरने ८४ चेंडूंत ९० काढल्या आणि मार्क वॉच्या वाइड चेंडूवर यष्टिचीत झाला. आम्ही १६ धावांनी हरलो. ते सगळं लोकांना आठवतं. त्याची बॅट किती जणांना आठवते? त्या बॅटवर काहीच नव्हतं. नुसतं लाकूड. आजूबाजूच्या बॅटींवर सिगरेटची नावं होती, त्याच्याकडेही प्रस्ताव होते. पण त्याचे वडील, मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर, यांना त्याने शब्द दिला होता की तंबाखूची जाहिरात करणार नाही. ही गोष्ट त्याने स्वतः पुढे अनेकदा सांगितली आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या स्वच्छ मुख अभियानाचा दूत झाला तेव्हाही सांगितली. त्या विश्वचषकात सर्वाधिक धावा त्याच्याच झाल्या, ५२३. कोरी बॅट घेऊन.

आणि तरीही, साहेब, तुम्ही त्याला सोडलं नाहीत. बॅट त्याची होती म्हणून ती कोरी ठेवता आली. शर्ट स्पर्धेचा होता, आणि स्पर्धेच्या बोधचिन्हात तुमचं नाव होतं. ज्या मुलाने बापाला दिलेला शब्द पाळला, त्याच्या अंगावरही तुम्ही ते नाव चढवलंतच. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत संताप कशाचा येत असेल तर याचा.

मोठ्या मैदानांवरच्या माणसांची नोंद राहते, लहान मैदानांवरची राहत नाही. म्हणून आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका गृहस्थांविषयी इथे लिहितो. गुटखाबंदीच्या आधीची गोष्ट. कबड्डीचे सामने होते, आणि मैदानाच्या तोंडाशी एका गुटख्याच्या नावाची भली मोठी कापडी कमान होती. मॅटच्या चारी बाजूंना तेच नाव, पंचांच्या बनियनवर तेच. आत शिरणाऱ्यांच्या हातात नमुन्याच्या पुड्या फुकट ठेवल्या जात होत्या. कमानीपासून चार पावलांवर हे गृहस्थ उभे असायचे. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. हातात पुठ्ठा नव्हता, घोषणा नव्हती. पोरांना थांबवून एवढंच म्हणायचे, 'बाळा, तीन बोटं उभी धरून तोंडात घालून दाखव बघू.'

पोरं हसायची. एकमेकांना ढकलत करून दाखवायची. तर्जनी, मधलं, अनामिका, एकावर एक उभी. निरोगी तोंडात ती सहज जातात. दातांचे डॉक्टर तपासणीला हेच करायला सांगतात. सुपारी आणि गुटखा चघळून चघळून गालाच्या आतलं अस्तर ताठ होतं, दोरीसारखे पट्टे येतात, आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडतं. एक पोरगा आला, चढाईपटू, मांड्या लोखंडासारख्या. हसत हसत बोटं वर नेली. दोन गेली. तिसरं दातांवर अडलं. त्याने पुन्हा मान मागे टाकून प्रयत्न केला. मित्र हसायचे थांबले. त्या गृहस्थांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले की सोमवारी सिव्हिलला जा, दंत विभागात, मी येतो बरोबर. मागून त्यांच्याकडूनच कळलं की त्यांच्या धाकट्या भावाचा अर्धा जबडा परळच्या टाटा हॉस्पिटलात काढावा लागला होता. दुसऱ्या दिवशी आयोजकांच्या दोन पोरांनी त्यांना कमानीपासून लांब, रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभं केलं. तिथूनही ते पोरांना हाका मारत राहिले. तुमच्या कमानीचा खर्च किती होता मला माहीत नाही. त्यांचा काहीच नव्हता. त्या मैदानावर कोणाला कोणाची भीती वाटत होती, ते मात्र रस्त्याच्या रुंदीवरून कळत होतं.

पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, कारण त्याने तुमचे हात बांधले. फेब्रुवारी २००१ मध्ये केंद्र सरकारने तंबाखूच्या जाहिरातींवर आणि खेळांच्या प्रायोजकत्वावर बंदीचं विधेयक आणायचं जाहीर केलं. त्यानंतर भारतीय संघाच्या छातीवरून विल्स उतरलं. २ नोव्हेंबर २००१ ला मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घातली. २००३ चा कायदा झाला, १ मे २००४ पासून जाहिरातबंदी लागू झाली. २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांत तर स्पष्ट लिहिलं आहे की स्टेडियम ही 'मोकळी जागा' समजायची नाही, तिथे सिगरेट ओढणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा बंद केला. यातलं एकही पाऊल तुम्ही आपणहून उचललेलं नाही. कायदा दारात येईपर्यंत तुम्ही हलला नाहीत, आणि गेलात तेव्हा जबाबदारीची भाषा बोलत गेलात. डॉ. वैद्य जे १९९६ मध्ये सांगत होते ते संसदेने २००३ मध्ये मान्य केलं. मधल्या सात वर्षांत ज्या मुलांनी पहिली सिगरेट ओढली ती आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांतली किती जण टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फूटपाथवर फाइल छातीशी धरून बसली असतील, याचा हिशेब तुमच्या कोणत्याच खात्यात नाही.

आणि आता वेलची. चंदेरी वर्ख लावलेली, केशराच्या सुगंधाची. सिनेमातले नट आणि आमचे जुने, लाडके क्रिकेटपटू ती हातात धरून हसतात, षटकांच्या मध्ये, बळी पडल्यावर, तिसऱ्या पंचाचा निर्णय येईपर्यंत. वेलची आमच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिला कधी जाहिरात लागली नाही. पुडीवरचं नाव, अक्षरांचं वळण, रंग, सगळं शेजारच्या पुडीचं आहे, आणि टपरीवर ती शेजारची पुडी कोणती हे सातवीतल्या पोरालाही माहीत आहे. पानमसाल्यात तंबाखू नाही, असं तुम्ही म्हणता. सुपारी आहे ना? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारी माणसात कर्करोग करते असं जाहीर केलं आहे. त्या चढाईपटूचं तोंड बंद करणारी तीच. छुप्या जाहिरातींवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ मध्ये आली. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांना आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून सांगावं लागलं की स्टेडियममध्ये आणि प्रक्षेपणात तंबाखूच्या आणि दारूच्या जाहिराती, छुप्यासुद्धा, येऊ देऊ नका. देशाच्या आरोग्य खात्याला क्रिकेटच्या बाजारापुढे अर्ज करावा लागतो, हे वाचून मला लाज वाटली. तुम्हाला वाटायला हवी होती.

खेळाला पैसा लागतो, तो कोण देणार, हा तुमचा शेवटचा बचाव. कधी काळी त्यात तथ्य होतं. १९७० मध्ये नऊ महिला टेनिसपटूंनी एकेक डॉलरचे करार करून स्वतःचा दौरा उभा केला, तेव्हा त्यांना सिगरेट कंपनीशिवाय कोणी विचारत नव्हतं. त्यांची गरज खरी होती, आणि तुम्ही अशा गरजेच्या जागा हेरूनच शिरता. पण मेलबर्नच्या त्या मैदानाचंच राज्य बघा. शास्त्रीची गाडी फिरली त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, व्हिक्टोरिया राज्याने कायदा केला, तंबाखूवरच्या कराचा एक वाटा बाजूला काढला, विकहेल्थ नावाची संस्था स्थापली आणि त्या पैशातून खेळांवरची सिगरेटची नावं विकत घेऊन उतरवली. त्या जागी आरोग्याचे संदेश लागले. तिथला खेळ बंद पडला नाही. आणि आमच्या क्रिकेट मंडळाचं तर काय सांगावं? २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. एवढा पैसा असलेल्या खेळाला तुमच्या पुडीचे पैसे घ्यावे लागत नाहीत. ते घेतले जातात, कारण नाही म्हणणारं कोणी टेबलाशी बसलेलं नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा. तुमचं नाव, त्याचं वळण, त्याचा रंग, त्याची वेलची, सगळं मैदानावरून आणि प्रक्षेपणातून काढा, आणि यावेळी कायदा येण्याची वाट बघू नका. ज्या खेळाडूंना तुम्ही करारात बांधलं आहे त्यांना मोकळं करा. अक्षयकुमारने २०२२ मध्ये चाहत्यांची माफी मागून असा करार सोडला. नटाला जे जमलं ते विश्वचषक उंचावलेल्या खेळाडूलाही जमेल. आणि कधी तुमच्या संचालकांची बैठक मुंबईत असेल तर परळला गाडी थांबवा, तोंडाच्या कर्करोगाच्या बाह्यरुग्ण विभागात तासभर बसा. तिथे तुमचा ग्राहक बोलून दाखवू शकणार नाही, लिहून दाखवेल.

वाचकहो, तुमच्याकडेही एक मागणं आहे. पुढच्या सामन्यात सीमारेषेवर अशी पुडी दिसली की त्या फलकाचा फोटो काढून तुमच्या राज्याच्या क्रिकेट संघटनेला आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला तक्रार लिहा. दोन ओळी पुरतात. स्टँडात शेजारच्याने सिगरेट पेटवली तर त्याला विझवायला सांगा. कायदा तुमच्या बाजूने आहे, दंड २०० रुपयांपर्यंत आहे. आसपासचे लोक वैतागतील, तुम्हाला एकटं पाडतील. तरी सांगा. आणि घरात कोणी सोडायचं म्हणत असेल, तर सरकारचा मदत क्रमांक १८००-११-२३५६ आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

कळावे,
एक क्रिकेटवेडा प्रेक्षक